बहादुराच्या घरचा खाऊ

गावाला शांत झोप लागावी म्हणून माझे बा रात्रभर आरडाओरडा करीत. काठी आपटत, शिट्टी फुंकत, "जागते रहो" असं ओरडत ते जिनिंगच्या भिंतीभोवती आणि मग बाजारओळीतून फेऱ्या घालीत, आणि गाव त्या आवाजावर निवांत घोरत असे. एकदा बांना हिवताप आला आणि शिट्टी बंद पडली, तेव्हा लोक तक्रार घेऊन आमच्या दारात आले. "बहादूरभाऊ, लवकर बरे व्हा बाप्पा. तुमच्या वरडण्याबिगर डोळ्याले डोळा नाही लागून राह्यला," असं किराणा दुकानदार म्हणाला, तेव्हा बा गोधडीतून उठून बसले आणि अंगात ताप असतानाच त्यांनी बसल्या जागी एक शिट्टी मारून दाखवली. नोकरीच्या बाबतीत ते असे होते. पुढं जे झालं ते या स्वभावामुळंच झालं, म्हणून आधी सांगून ठेवते.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आमची जिनिंग राळेगावच्या बाजूला, गावाला चिकटून पण गावात नाही अशी, मोठ्या पत्र्याच्या फाटकाआड होती. फाटकाला लागून दोन खोल्या, आणि त्यात आम्ही तिघं: बा, आमा म्हणजे माझी आई, आणि मी. बा नेपाळातल्या डोंगरातून इथवर कसे पोचले ते त्यांनाही धड सांगता येत नसे. त्यांच्या गावचा कुणी नागपुरात होता, त्यानं वर्ध्याला धाडलं, वर्ध्याच्या माणसानं एसटीत बसवून दिलं, आणि एसटी जिथं वळसा घेऊन माघारी फिरते तिथं ते उतरले. पुढं गाडीच जात नव्हती म्हणून राहिलो, असं ते म्हणत. त्यांचं नाव धनबीर. पण गावानं ते विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या दिवसापासून ते बहादूर झाले, आमा बहादुरीणबाई झाली, आणि घरी मला कान्छी म्हणत त्याचं मास्तरांनी शाळेत कांचन करून टाकलं. माझे बारीक डोळे बघून बाजाराच्या दिवशी बाहेरगावची माणसं विचारत, "हे पोट्टी झोपेत चालून राह्यली काय?" गावची पोरं त्यांना दरडावून सांगत, "झोपेत नाही, ते चिनी हाये." पोरं माझी बाजू घेत होती असं मी धरून चालत असे.

आमच्या घरात कापूस सगळीकडे असे. हंगामात यंत्रं सुरू झाली की जमीन थरथरे, भांडी आपोआप वाजत, आणि पांढरं मऊ तूस वाऱ्यावर उडत येऊन वरणात, केसांत, बांच्या लोकरी टोपीवर बसे. ती टोपी बा मे महिन्यातही घालत, कारण ती गणवेशाचा भाग होती. आमा मात्र या गावच्या उन्हाशी कायम भांडत असे. मुळ्याचा पाला आंबवून, वाळवून ती गुंद्रुक करी. डोंगरात हे काम थंडीत, हळूहळू व्हायचं असतं. यवतमाळच्या उन्हानं ते झपाट्यानं उरकलं आणि असा वास सुटला की जिनिंगच्या दिवाणजींनी मेलेला उंदीर शोधायला माणसं लावली. गंमत म्हणजे बासुद्धा हातात काठी घेऊन त्यांच्याबरोबर गोदामभर शोधत फिरले. वास कशाचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण शोधाशोध म्हटली की ती चौकीदारानंच करायची. रात्री आम्ही ते गुंद्रुक भाताबरोबर खाल्लं, आणि बा म्हणाले, मस्त झालंय.

उंदीर सापडला नाही, पण वास तर आला होता. मग गावात बोलणं सुरू झालं की बहादुराच्या घरी काहीतरी भलतंच शिजतं. साप, बेडूक, झुरळं, जो तो आपापल्या हिंमतीप्रमाणे भर घालत असे. यात सगळ्यांत पुढं पार्बताकाकू. चांगली वीस-पंचवीस एकर कपाशी-तुरीची जमीन असलेल्या घरातली बाई, आवाज असा की बांची शिट्टी कमी पडावी. "त्याइच्या घरचं पाणीही नाही पेणार मी," असं तिनं विहिरीवर जाहीर करून टाकलं होतं. तिची लेक वंदी माझी वर्गातली मैत्रीण, आणि गावातल्या भुलाबाईचा सगळा कारभार त्या मायलेकींच्या हातात.

भुलाबाई आता शहरात कुणाला सांगितली तर लोक गोड हसतात आणि दुसरंच काही विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. भादव्याच्या पुनवेला मातीचे भुलाबाई आणि भुलोजी पाटावर मांडायचे, ज्वारीच्या धांड्यांचं मखर करायचं, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी तो पाट घेऊन घरोघर जायचं. टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची. गाणी संपली की घरची बाई झाकण लावलेला डबा आणते, खुळखुळ वाजवते, आणि आत काय खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. मुरमुरे? फुटाणे? करंजी? ओळखलं की डबा उघडतो. आमच्या गावात नियम कडक होता: खाऊ ओळखल्याशिवाय पाट उचलायचा नाही. हा नियम पार्बताकाकूनंच कडक केला होता. आदल्या वर्षी तिनं कोहळ्याचे बोंड केले होते. पोरी म्हणाल्या, गोड भजे. काकू म्हणाली, "भजे नाही. नाव घ्या नाव!" आणि बोंड हा शब्द तोंडातून निघेपर्यंत तिनं कुणाला हलू दिलं नाही.

मी या सगळ्यात असे. माझा आवाज चांगला होता आणि टिपरीचा ताल माझा कधी चुकत नसे. पण पाट कधी जिनिंगच्या फाटकापर्यंत येत नसे. मी सगळ्यांच्या घरचा खाऊ खात होते आणि माझ्या घरचा कुणी खात नव्हतं. मला त्यात काही वाटत नव्हतं, कारण खाऊ मिळत होता. त्या वर्षी मात्र पाट बसला त्याच दिवशी वंदी सगळ्यांसमोर म्हणाली, "कांचन सगळ्याइच्या घरचं खाते, आपल्या घरी काहून बोलावत नाही वं? औंदा बोलावशीन त ये, नाही त येऊ नको." पोरींनी माना डोलावल्या. बोलणं तसं वाजवी होतं. पण मला ठाऊक होतं, वंदीलाही ठाऊक होतं, की बोलावलं तरी आमच्या डब्यातलं खाणार कोण? बोलावलं नाही तर मी बाहेर, आणि बोलावून कुणी खाल्लं नाही तर मी कायमची बाहेर. मी रडत घरी गेले.

आमानं सगळं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, गाव शेवटी शुद्धीवर आलं. डोंगरातही दिवाळीला पोरी अशाच दारोदार गात जातात, त्याला भैलो म्हणतात, आणि दारात आलेल्या पोरींना सेल द्यायची असते. सेल म्हणजे तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात साखर-तूप-वेलची घालायची आणि त्याचं मोठं गोल कडं तुपात तळायचं. लग्न होऊन आल्यापासून तिनं सेल केली नव्हती, कारण द्यायला दारात कुणी आलंच नव्हतं. तिनं लगेच तांदूळ भिजत घातले. पार्बताकाकू काय म्हणते ते मी सांगायला गेले, तर म्हणाली, गाऊन दमलेली पोर खाते.

बांचं मात्र वेगळं. त्यांनी मला खाटेवर बसवून चौकशी केली. त्यांनी ओळखलं तर? मी म्हटलं, तर आपण हरलो. नाही ओळखलं तर? तर त्या उठत नाहीत. म्हणजे, बा विचार करत म्हणाले, डब्यात माल आहे, बाहेरच्यांना तो काढायचा आहे आणि आपण तो राखायचा आहे. मी म्हटलं, हो, तसंच. आता घरच्या बाईनं हळूहळू खुणा द्यायच्या असतात, गोड आहे, तळलेलं आहे असं सांगत सांगत शेवटी आनंदानं हरायचं असतं, हे या खेळातलं मुख्य आहे. पण ते कुणी कुणाला सांगत नाही. गावातल्या माणसाला ते आपोआप कळतं, आणि आम्हाला गावातलं जे जे आपोआप कळायचं असतं तेच नेमकं कळत नसे. बांनी मला शपथ घातली की डब्यातलं एक अक्षर बाहेर फुटता कामा नये. चौकीदाराच्या घरातून माल गेला तर मग राहिलं काय?

दुसऱ्या दिवशी आमानं पळसाच्या पानाच्या द्रोणाला भोक पाडलं आणि त्यातून पिठाची धार कढईत गोल फिरवली. पहिली सेल गोल न होता वेडीवाकडी झाली, ती मी खाल्ली. दुसरी बांनी डोळे मिटून खाल्ली. मग उठून त्यांनी बाकीच्या सेली पितळी डब्यात दाबून दाबून भरल्या, वाजू नयेत म्हणून वर रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, थर दिला, झाकण लावलं आणि अंगात गणवेश चढवला.

पोरी आल्या. दिवाणजींनी परवानगी दिली होती, हंगाम सुरू व्हायचा होता, आवार मोकळं होतं. अंगणात पाट मांडला. गाणी म्हटली, आणि आमा दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, कारण शब्द कळत नसले तरी सासर-माहेराचं गाणं तिला चालीवरून कळलं होतं. मग बा डबा घेऊन बाहेर आले. डोक्यावर लोकरी टोपी, कमरेला पट्टा, काखेत काठी. त्यांनी डबा पोरींसमोर ठेवला आणि त्याच्या बाजूला सावधान उभे राहिले.

"वाजवा ना वो काका," वंदी म्हणाली. बांनी डबा हलवला. आवाज शून्य.

"मुरमुरे?"

"नहीं. मुरमुरे नहीं है. आगे बोलो."

"शंकरपाळे? करंजी? पेढा? पेरू?"

"पेरू नहीं है. आगे बोलो."

"गोड की तिखट, तेवढं त सांगा!"

"नहीं बता सकते," बा म्हणाले. ट्रकवाल्याला पासाशिवाय आत सोडायला नकार देताना ते याच आवाजात बोलत.

पोरींनी लाडू घेतले, चिवडा घेतला, काकडी, केळी, भुईमुगाच्या शेंगा, पानगे, उकडलेली बोरं, सगळं घेतलं. बा प्रत्येकाला मान देऊन नाकारत होते. वंदी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती आणि मी भुलोजींच्या मिशांकडे बघत होते. ऊन उतरलं. पोरी आपसांत कुजबुजू लागल्या, आणि कशाबद्दल कुजबुजताहेत ते मला कळत होतं. शेवटी सगळ्यांत धाकटी छकुली, ज्याला-त्याला मनातलं सांगून टाकायची सवय असलेली, मोठ्यानं म्हणाली, "बेडूक असन."

बेडूक हा शब्द आमाला ठाऊक होता. पावसाळ्यात आमच्या मोरीत ते येत. तिचा चेहरा उतरला आणि ती आत वळायला लागली. इतका राग मला पुढं आयुष्यात फारसा कधी आला नाही, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. बांनी छकुलीकडे पाहिलं. मान थोडी तिरकी केली, जणू खरंच डब्यात बेडूक ठेवला होता का ते आठवून पाहत होते. मग ज्या आवाजात त्यांनी पेरू नाकारला होता त्याच आवाजात म्हणाले, "बेडूक? नहीं. बेडूक नहीं है. आगे बोलो."

पहिली वंदी हसली. मग सगळ्याच पोरी हसत सुटल्या, छकुलीसुद्धा, आणि आमा दारात थांबली. पुढं मी शिक्षिका झाले, यवतमाळला घर केलं, मोठमोठ्या माणसांना अपमान गिळताना आणि उलटून बोलताना पाहिलं. त्या उत्तराची सर मला कुठं दिसली नाही. बांना विचारलं असतं तर म्हणाले असते, उत्तर चूक होतं, चूक सांगितलं.

पण पाट काही हलेना. दिवेलागण झाली तशा पोरींच्या आया शोधत आल्या आणि त्याही ओळखायला बसल्या. दिवाणजी आले. किराणा दुकानदार दुकान पोरावर टाकून आला आणि त्यानं दुकानातल्या सगळ्या वस्तू ओळीनं म्हणून दाखवल्या. आणि मग फाटकातून पार्बताकाकूचा आवाज आला, "काय लावलं वं हे? भुलाबाईले रात्रभर इथंच ठेवता काय?"

"माय, खाऊ नाही ओळखू येऊन राह्यला," वंदी म्हणाली. "नियम हाये ना तुहा."

काकूच्या नाकाचा गावात दबदबा होता. कुणाच्या घरी फोडणीला काय पडलं ते ती रस्त्यावरून सांगे. ती डब्याजवळ वाकली, झाकणाच्या कडेशी नाक नेलं, आणि उभी राहिली. "तांदूळ हायेत. गाईचं तूप, साखर, इलायची. तुपात तळलं. उघडा डबा."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आमानं तर कौतुकानं हात जोडले. बा जागचे हलले नाहीत. "ठीक है, बाई. लेकिन चीज का नाम?"

"नाव मले कसं ठाऊक असन बाप्पा? तुमच्या मुलखातली वस्तू."

"माय," वंदी म्हणाली, "मागच्या साली आम्ही गोड भजे म्हटलं त तू काय म्हणली होतीस? नाव घ्या नाव."

अंगणभर खसखस पिकली. पार्बताकाकू लाल झाली. तिच्याच नियमानं तिला फाटकात गाठलं होतं, आणि समोर टोपीवाला माणूस असा उभा होता की हुज्जत घालून उपयोग नाही हे तिलाही दिसत होतं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चाखल्याबिगर नाव कसं सांगू?"

विहिरीवरची तिची घोषणा सगळ्यांनाच पाठ होती. तिच्याही लक्षात आलं, पण बोलून गेली होती. चाखायला माल द्यायचा की नाही याचा नियम बांना माहीत नव्हता, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चालतं. असा नियम नव्हता. आमा पुढं झाली, डबा जरासा उघडून, कुणाला दिसू नये म्हणून पदराआडून तिनं एक सेल काढली आणि दोन्ही हातांनी काकूला दिली. काकू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आम्हाला तिची पाठ आणि हलणारा अंबाडा तेवढा दिसत होता. ती अख्खी संपवली. मग न वळता हात मागं केला. "अजून एक द्या. एकानं नाही समजत."

दुसरी खाऊन ती वळली. तोंड पुसलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि निकाल द्यावा तसं म्हणाली, "हे बांगडी हाये. तांदळाची बांगडी."

बा तोंड उघडणार तोच आमानं त्यांच्या दंडाला धरलं. आमा पोरींकडे बघत होती. त्यांचे गळे बसले होते आणि छकुली टिपरीवर डोकं टेकून पेंगत होती. सेलीचं नाव आमाला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि ती आई तिला पुन्हा कधी भेटली नव्हती. तिनं हे सगळं क्षणभर मनात घेतलं असेल. मग मान हलवून ती मराठीत म्हणाली, "हो. बांगडी." बांचे डोळे विस्फारले. त्यांच्या सगळ्या चौकीदारीत डोळ्यांदेखत झालेली चोरी ही एवढी एकच, आणि ती घरातूनच झाली. आमानं डबा उघडला, रुई काढून फेकली, आणि त्या संध्याकाळी आमच्या अंगणात सगळ्यांनी खाल्लं. आम्हाला एकही उरली नाही. आमा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी पार्बताकाकू चार दिवस आधीच तांदूळ घेऊन शिकायला आली.

आता बा नाहीत, आमा नाही, जिनिंगही बंद पडली. मागच्या कोजागिरीला वंदीनं बोलावलं म्हणून मी गावी गेले. गुडघे मांडी घालू देत नाहीत, तरी पोरींच्या रांगेत चटईवर बसले. वंदीची नात डबा घेऊन आली. झाकण लागलेलं, आवाज नाही. पण वास आला. मी म्हटलं, "सेल."

"चूक," ती म्हणाली.

बरोबर नाव मला ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते की डबा उघडला असता, पाट उचलला असता, आणि मला उठावं लागलं असतं. मला उठायचं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "मग बेडूक असन."

पोरी हसल्या नाहीत. तो त्यांच्या खेळातला नेहमीचाच भाग असावा. वंदीच्या नातीनं हातातली टिपरी काखेत धरली, टाचा जुळवल्या, मान थोडी तिरकी केली, आणि ज्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं त्याच्या आवाजात मला म्हणाली, "बेडूक नहीं है. आगे बोलो."